खोकल्याची शिकवणी

तायडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दहा-बारा माणसांना खोकायला शिकवत होते. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या मागे, मोटारसायकलींच्या शेडपलीकडे, थोडी मोकळी जागा होती. तिथं पेशंट एका रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात झाकणाची छोटी प्लॅस्टिकची डबी होती आणि समोर पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, पांढऱ्या कोटातला माणूस होता. बोलण्याआधी त्यांनी चिमूटभर माती उचलून हवेत सोडली, वारा कुठून आहे ते पाहिलं आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहिले. खळ्यावर ज्वारी उपणणारा माणूस बघतो तसं. मग एक हात पोटावर ठेवून म्हणाले, "गळ्यातून नाही काढाचं. गळ्यात नुसती थुंकी असते, अन थे तं तुमी रस्त्यावर रोजच फुकट वाटता. मले बेडका पायजे. थो खालून येते, छातीतून. लांब श्वास घ्या, धरा, सोडा. तीन डाव. अन मंग खोका."

रांगेतल्या एका आजोबांनी लाजत लाजत घसा साफ केला. सर म्हणाले, "बाबा, हे खोकनं झालं का? असं तं नवी सून सासऱ्यासमोर खोकते." सगळे हसले. मी नवी सून राहिले नव्हते, लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासरे शेजारीच उभे होते. त्यामुळे मला हसताही आलं नाही आणि खोकताही आलं नाही. माझी डबी सरांनी उजेडात धरून पाहिली. "पोरी, यात तुहा संकोच तेवढा आला," ते म्हणाले. "बेडका काही नाही. दुसरी डबी घे. उद्या सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुवाच्या आधी काढ अन आणून दे."

तायडे सर म्हणजे दवाखान्याचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ. आमच्याकडे या हुद्द्याला 'रक्तवाला' म्हणतात. पण सरांचा जीव रक्तात नव्हता. रक्तात मलेरिया सापडला तर ते नुसती नोंद करायचे. बेडक्यात टीबीचा जंतू सापडला की खुर्ची पुढं ओढायचे. टायफॉइडवर त्यांचं मत होतं की तो आजार नसून पाणीपुरीवाल्याच्या अंगठ्याचा पत्ता आहे. दर तापाला 'व्हायरल' म्हणून सलाईन लावणाऱ्या खाजगी डॉक्टरांबद्दल ते फार आदरानं बोलत. "मोठे लोक हायेत. न पाहता ओळखतात. आपुन गरीब, आपल्याले काचेत पाहा लागते."

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती तीन आठवड्यांच्या खोकल्यानंतर. संध्याकाळी बारीक ताप यायचा, ब्लाउज सैल व्हायला लागले होते. तोवर घरात हळद-दूध झालं होतं, तीन रंगांची खोकल्याची औषधं झाली होती, दर आठवड्याला एक याप्रमाणे सुया झाल्या होत्या, आणि शेवटी सासूबाईंनी निदानही केलं होतं की हे माहेरचं काही तरी आहे. आमच्या घरात बिघडलेली प्रत्येक गोष्ट माझ्या माहेरहून येत असे, मिक्सरसकट. गावातली आशाताई मागं लागली, दारात ठाण मांडून बसली, म्हणून मला तपासायला आणलं गेलं.

आता सासऱ्यांबद्दल. मी त्यांना मामाजी म्हणते, गाव त्यांना बापूजी म्हणतं. मामाजींच्या तोंडात दोन गोष्टी कायम असत, घराण्याचं नाव आणि खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी त्यांना सकाळी उठल्यापासून लागे, आणि बोलताना दोन्ही गोष्टींचे कण उडत. मामाजी स्वतःही खोकायचे, आणि माझ्या कितीतरी आधीपासून. पण त्यांच्या खोकल्याला घरात 'खर्ऱ्याचा ठसका' असं मानाचं नाव होतं. तोच आवाज माझ्या छातीतून आला की त्याला रोग म्हणत. तायडे सर बौद्ध. प्रयोगशाळेच्या दारात माठ होता, तिथलं पाणी मामाजींनी पहिल्या दिवशीच नाकारलं. "आताच पिऊन आलो," म्हणाले. ज्या माणसाच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच्याकडे आमच्या घरची थुंकी मात्र बिनदिक्कत पाठवायची होती.

त्या संध्याकाळी घरात बैठक झाली. नणंदेची सोयरीक कारंज्याकडच्या एका घरी जमत आली होती, त्यामुळे विषय गंभीर होता. मामाजींनी निकाल दिला. टीबी निघाला तर मी माहेरी जायचं, बरी होईपर्यंत, म्हणजे किती ते कोणी बोललं नाही. माझी दीड वर्षाची आरोही मात्र इथंच राहील, कारण ती घराण्याची आहे. सासूबाईंनी मान डोलावली. माझे यजमान मोबाइलमध्ये सोयाबीनचे भाव बघत होते. त्यांना मत नावाची वस्तू लागली तर मामाजी तालुक्याहून आणून देत. मी भांडी घासता घासता विचार करत होते. रिपोर्ट कोरा आला तर औषध नाही, आणि टीबी आला तर पोरगी नाही.

सकाळी मी सरांनी शिकवल्याप्रमाणे तीन श्वास घेतले, खोकले आणि डबी भरली. मामाजी अंगणात उभेच होते. "आन इकडं, मी जातो तालुक्याले," म्हणाले. मला वाटलं, बरं झालं, एसटीत बसायचे त्राण नव्हतेच. मी डबी दिली आणि आत वळले. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला म्हणून मागं पाहिलं. मामाजींनी माझी डबी मोरीत रिकामी केली होती, विसळली होती, आणि आता पोटावर हात ठेवून, अगदी सरांच्या पद्धतीनं, ते स्वतः त्यात खोकत होते. घरातला सगळ्यात ठणठणीत माणूस म्हणून त्यांनी स्वतःची निवड केली होती. झाकण लावून त्यांनी डबी रुमालात गुंडाळली आणि माझ्या नावाची चिठ्ठी नीट चिकटली आहे का ते पाहिलं. मी दारात उभी राहून हे सगळं पाहिलं आणि एक शब्द बोलले नाही. हे लिहिताना मला मामाजींचा जितका राग येतो, त्याहून जास्त स्वतःचा येतो.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, सरांनी दोघांना बोलावलंय. मामाजी स्वच्छ धोतर नेसून निघाले. रिपोर्ट कोरा येणार याची त्यांना खात्री होती. येताना मंगरूळपीरच्या बाजारातून पेढे घ्यायचे हेही ठरलं होतं. प्रयोगशाळेत सरांनी दार लावून घेतलं, दोन खुर्च्या खिडकीशी ठेवल्या आणि आम्हाला बसवलं.

"बापूजी, एक सांगा," सर म्हणाले. "तुमची सून खर्रा खाते का?"

मामाजी ताडकन उठले. "काय बोलता सर? आमच्या घराण्यातली बाई खर्रा खाईन?"

"मंग डबीत सुपारी कोठून आली?"

मामाजी पुन्हा बसले. सर काही घाईत नव्हते. त्यांनी चष्मा कोटाला पुसला. "हे पाहा, डबीवर नाव हाय सुनेचं. बेडक्यात हाय खर्रा, अन टीबीचे जंतू तं असे हायेत का यात्रा भरली. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, सून खर्रा खाते अन तिले टीबी हाय. दुसरी, खर्रा तुमचा हाय अन टीबी बी तुमचाच हाय. तिसरी गोष्ट मले मायक्रोस्कोपात दिसली नाही. तुमी सांगान तसं लिहितो."

मी जन्मात मामाजींना इतका वेळ विचार करताना पाहिलं नव्हतं. टीबी झालेला सासरा आणि खर्रा खाणारी सून, यातलं घराण्याला जास्त काळिमा फासणारं काय, याचा ते हिशोब करत होते. घशात ठसका आला, तो थांबेना. सरांनी माठातला पेला भरून पुढं केला. मामाजींनी तो घटाघटा पिऊन टाकला. धर्म जागच्या जागीच राहिला, ठसका मात्र थांबला.

"माहा होय," ते शेवटी म्हणाले. "घराण्याचं नाव खराब होऊ नाही म्हून केलं."

"डबीवर घराण्याचं नाव लिहाची जागाच नाही बापूजी," सर म्हणाले. "एकाच मानसाचं नाव मावते."

मग सरांनी आम्हा दोघांना शेडमागं नेलं. पुन्हा माती उडवून वारा पाहिला आणि समोर उभं राहून दोन डब्या भरून घेतल्या. जंतू जितके जास्त तितके प्लस जास्त. माझा रिपोर्ट आला वन प्लस, मामाजींचा थ्री प्लस. मोठेपणा इथंही त्यांच्याकडेच राहिला. मला हा रोग माहेरहून आलेला नव्हता. तो मामाजींच्या मानाच्या ठसक्यातून, बंद खिडक्यांच्या माजघरात, मी भाकरी वाढताना माझ्या छातीत आला होता.

मामाजींनी तरीही एक प्रयत्न केला. "सुनेले तं मायेरीच पाठवा लागन ना सर? घरात लहान पोरगी हाय."

"पाठवाचं असन तं आधी तुमी जा," सर म्हणाले. "तिचा एक प्लस, तुमचे तीन. जास्तवाला पयले. तुमचं मायेर कोनतं?"

मामाजींना माहेर नव्हतं. सरांनी मग सरळ शब्दांत सांगितलं. गोळ्या नियमानं घेतल्या की काही आठवड्यांत दोघांपासूनही धोका कमी होतो. तोवर तोंडाला रुमाल बांधायचा, घराच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. लहान मुलीला तपासून वेगळं औषध सुरू करायचं. आणि तिला आईपासून तोडायचं काही कारण नाही. हे शेवटचं वाक्य ते मामाजींकडे बघत दोनदा बोलले. मी तिथंच रडायला लागले. सर मला म्हणाले, "रडाचं असन तं खिडकीकडं तोंड कर, हवा खेळती राहाले पायजे." मला रडता रडता हसू आलं.

त्याच दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपातून आत बघू दिलं. निळ्या पाण्यात बारीक लाल काडक्या विखुरल्या होत्या. इतक्या छोट्या वस्तूंनी मला घराबाहेर काढायला घेतलं होतं, यावर माझा विश्वास बसेना. "लई सभ्य जंतू हाय हा," सर म्हणाले. "कॉलऱ्यावानी धिंगाना नाही करत. सोयाबीन तीन महिन्यांत येते अन जाते, पन तूर कशी निवांत उभी राहते, तसा हाय. हळू वाढते, म्हून औषध बी सहा महिने. दोन महिन्यांत तुले बरं वाटीन, तवाच लोक गोळ्या सोडतात. अर्धा मेलेला जंतू पुऱ्या जित्या जंतूपेक्षा जास्त शिकून बसते, मंग त्याच्यावर तीच गोळी चालत नाही."

सहा महिने सरांनी आम्हाला सोडलं नाही. मामाजींनी गावात सांगून ठेवलं की डॉक्टरांनी त्यांना ताकदीच्या गोळ्या दिल्यात आणि सुनेचीही तब्येत नाजूक म्हणून तिलाही त्याच चालू आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांना नारिंगी लघवी झाली तेव्हा रक्त पडतंय समजून त्यांनी अंथरूण धरलं आणि यजमानांशी शेताच्या वाटणीबद्दल बोलायला सुरुवात केली. मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "त्यांले म्हना, भिऊ नका. थो गोळीचा रंग हाय. रंग गेला तं मले समजन, गोळी चुकवली." तेव्हापासून आमच्या घराण्याचे कर्ते पुरुष आपल्या लघवीचा रंग दर सोमवारी तायडे सरांना फोनवरून कळवत असत, आणि तोही परसात जाऊन, हळू आवाजात.

एकदा आसेगावचं काम उरकून सर न सांगता घरी आले. खिडक्या उघड्या आहेत का ते पाहिलं, आरोहीचं वजन विचारलं. मामाजी ओसरीवरून सवयीनं बाहेर पिचकारी मारणार, तेवढ्यात सरांनी पिशवीतून झाकणाचा एक पत्र्याचा डबा काढून दिला, आत फिनेल टाकलेला. "बापूजी, तुमची थुंकी आता सरकारी रजिस्टरात हाय," म्हणाले. "वाऱ्यावर सोडू नका." जाताना सासूबाईंनी चहा पुढं केला, आमच्या नेहमीच्या कपात. सर बसून प्यायले. नणंदेची सोयरीक त्याच महिन्यात पक्की झाली; कारंज्याकडच्या लोकांनी टीबीबद्दल काही विचारलं नाही, हुंड्याबद्दल मात्र बारकाईनं विचारलं.

मी बरी झाले. मामाजींबरोबर शेवटचा रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा सरांनी विचारलं, बारावीला कोणते विषय होते. सायन्स म्हटल्यावर त्यांनी वाशीमच्या एका कॉलेजचा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा फॉर्म माझ्यापुढं टाकला. मामाजी आढेवेढे घ्यायला लागले तशी सर त्यांना बाजूला घेऊन दोन मिनिटं काहीतरी बोलले. काय बोलले ते मला आजही माहीत नाही, पण खर्रा हा शब्द मला दोनदा ऐकू आला. कोर्स झाला, कंत्राटी नोकरी लागली, आणि नशिबानं वर्षभर सरांच्याच हाताखाली लागली.

हाताखाली काम करताना मला त्यांचा एक हट्ट समजेनासा झाला. घरून भरून आणलेली डबी ते घेतच नसत. सकाळची तपासणी असली तरी पेशंटनं पहिल्या गाडीनं यायचं आणि त्यांच्यासमोर खोकायचं. म्हातारी माणसं शिव्या द्यायची, वरचे साहेब कागद पाठवायचे, की नियमात घरची डबी चालते. सर कागद वाचून म्हणत, "नियम बरोबर हाय. मी चुकीचा हाय." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा शेडमागं उभे. मला वाटायचं, माझ्या प्रकरणावरून शहाणे झालेत, एवढंच.

सर निवृत्त झाले त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, फेट्याची तयारी चालली होती. मी त्यांना बोलवायला प्रयोगशाळेत गेले, तर ते शेवटची काच धूत होते. मला बोलायचंच होतं, म्हणून बोलले. म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्हाला सुपारी दिसली म्हणून मी वाचले. नाहीतर माझी आरोही..."

"तू वाचली कारन तुहा सासरा खर्रा खात होता," सर म्हणाले. "निर्व्यसनी असता तं गेली होतीस."

मला वाटलं, नेहमीचा टोमणा आहे. पण त्यांनी काच खाली ठेवली. "खरं सांगून राह्यलो पोरी. डबीत सुपारी नसती तं मी तुह्या नावावर थ्री प्लस लिहून मोकळा झालो असतो. तुह्या आधी कितीक वर्षं मी घरच्या डब्या घेत होतो. कोन खोकलं अन कोनाचं नाव, मी कधी पाह्यलं?" मग ते म्हणाले, "धनजकडची एक पोरगी होती, तुह्याच वयाची. डबी तिच्या सासूनं आनली. मी प्लस लिहिलं. तिले मायेरी धाडलं, लहान पोरगा ठेवून घेतला. वर्षानं थे एकटी आली, म्हने सर, पुन्ना तपासा. तीन डाव तपासलं, काही नाही. मी म्हटलं, गोळ्यांनं बरी झालीस. तं म्हने, गोळ्या मले कोनी देल्याच नाहीत."

"मग?"

"मंग काय? मले वाटलं, नशीबवान हाय. रिपोर्ट घेऊन सासरी गेली, तं नवऱ्यानं दुसरी केली होती. अन सासू त्याच्या आधीच खोकून खोकून मेली होती." सर माझ्याकडे बघत नव्हते. "तवा मले काही समजलं नाही. तुही डबी उघडली, सुपारी पाह्यली, अन तवा समजलं."

बाहेरून हाका यायला लागल्या. आम्ही मांडवात गेलो. भाषणं सुरू झाली. गावोगावच्या प्रतिष्ठितांत आमचे मामाजी पहिल्या रांगेत होते, आणि माईक दिसल्यावर ते स्वतःला आवरू शकत नाहीत हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. ते खणखणीत आवाजात बोलले. छाती आता साफ होती ना. सरांची शिस्त, सरांची सेवा, सरांचे आमच्या घराण्याशी असलेले जुने संबंध, असं सगळं झालं. शेवटी ते म्हणाले, "अशी नजर पुन्हा होणे नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सरांच्या हातून एक चूक झाली नाही."

मांडव टाळ्यांनी भरून गेला. सर उत्तराला उठले. माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "बापूजी म्हनतात, एक चूक झाली नाही. झाली. एक मले पक्की माहीत हाय. बाकी किती झाल्या, थे माहीत नाही. त्या बायांले माहीत असन."

जन्मभर टोमणे मारत आलेल्या माणसाचं हे शेवटचं भाषण. लोक पोट धरून हसले. मामाजी सगळ्यात मोठ्यांदा हसले, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारून. सर माईक हातात धरून हसणं थांबायची वाट बघत उभे राहिले, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.